आत्या खुर्चीवरून उठली नाही

जिंजा
२१ फेब्रुवारी १९९३

प्रिय आत्या,

अकिलेओच्या घरून पक्का निरोप आला! ऑगस्टमध्ये ते सगळे म्यित्यानाहून आपल्या अंगणात क्वांजुलाला येणार, माझी रीतसर मागणी घालायला, बकऱ्या, टोपल्या, साखरेची पोती, सगळं घेऊन. निरोप वाचला तशी लगेच तुला लिहायला बसले.

आई-बाबा असते तर त्यांनी काय काय केलं असतं, हे सारखं मनात येतं. पण तू आहेस. आत्याशिवाय मुलीचं पान हलत नाही, हे तूच मला लहानपणापासून सांगत आलीस. मांडवात एवढ्या पुरुषांतून नवरदेवाला ओळखून पुढं आणायचं, गुडघे टेकून पाहुण्यांशी बोलायचं, मला बाहेर आणायचं, सगळं आत्याचंच काम. मी निवांत आहे.

पण एक गोष्ट मनात सलते, ती लिहूनच टाकते. नाताळात अकिलेओ आणि त्याचा थोरला भाऊ गोंझागा पहिल्यांदा तुला भेटायला आले, तेव्हा तू खुर्चीवर बसून राहिलीस. चटई अंथरलेली होती, तूच विणलेली. सगळ्या बायका खाली उतरल्या, गुडघ्यांवर बसून ख्यालीखुशाली विचारली. तू खुर्चीच्या कडेवर बसून नुसती मान हलवलीस आणि तोंड असं केलंस की जणू कडू काढा प्यायली आहेस. गोंझागा परत जाताना बसमध्ये म्हणाला, "तुमच्या आत्याबाईंना आमचं येणं रुचलं नाही वाटतं." मी म्हटलं, ती दमली होती. आत्या, आवडला नाही का तुला अकिलेओ?

तुझी
बिबियाना


लुकोमा, मसाका
७ मार्च १९९३

बिबी पोरी,

तुझं पत्र मिस्सा झाल्यावर फादरनी हातात दिलं. तिथंच चर्चच्या दारात उभी राहून वाचलं. ऑगस्ट चांगला. मटोकेच्या केळीचे घड भरलेले असतात, पाहुणे उपाशी जाणार नाहीत.

अकिलेओ चांगला आहे. कान जरा मोठे आहेत, पण मोठ्या कानाचा माणूस बायकोचं ऐकतो म्हणतात. ऐकलं नाही तर मला कळव.

आता खुर्चीचं. ती तुझ्या बापानं बसायलाच करून घेतली होती ना? मी बसले तर आभाळ कोसळलं का? गोंझागाला म्हणावं, म्हातारीच्या तोंडाकडं बघायला आला होतास की जेवायला?

क्वांजुलासाठी मात्र तू स्कोलास्टिकाला सांग. तुझ्या बापाची चुलत बहीण म्हणजे तीही आत्याच. तिचे गुडघे कायम टेकायला शिवशिवत असतात आणि जीभ त्याहून जास्त. मला या समारंभांचा कंटाळा आलाय. गर्दी सोसत नाही.

इकडं सगळं ठीक. बागेत गवत माजलंय. शेळी विकून टाकली, तिच्यामागं पळणार कोण? पाणी भरून द्यायला शेजारची लेओची आई यायची, तीही हल्ली येत नाही. हे पत्र कपाटावर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय, म्हणून ओळी खाली उतरल्यात. हसू नकोस.

तुझी
आत्या रेस्टितुता


जिंजा
२८ मार्च १९९३

आत्या,

तुझं पत्र वाचून हसायचं की रडायचं कळेना, शेवटी रडलेच.

स्कोलास्टिका आत्याला? तिला माझं पूर्ण नावही आठवत नाही. माझ्या पहिल्या पाळीच्या वेळी मला जवळ घेऊन बसलीस ती तू. लग्न म्हणजे काय, नवऱ्याशी कसं वागायचं, कुठं तोंड उघडायचं, कुठं मिटायचं, सगळं शिकवलंस ती तू. आणि आता म्हणतेस, कंटाळा आला?

लेओ इथं आमच्याच कापड गिरणीत आहे. त्याच्याकडून कळलं गावात काय चाललंय ते. रेस्टितुता आता कुणापुढं गुडघे टेकत नाही म्हणतात. चर्चमध्ये सगळं गाव खाली बसतं, तू खांबाला टेकून उभी असतेस. कुळातले वडीलधारे दारावरून जातात, तू उभ्यानंच हाक मारतेस. त्याची आई म्हणाली, "भावाचं घर हाती आलं आणि हिला राणी झाल्यासारखं वाटतंय." मी लेओशी भांडले.

तुला माझं लग्नच नको आहे का? मी गेले की तू एकटी उरशील म्हणून? तसं असेल तर तसं सांग. पाहुण्यांचा अपमान करून सांगू नकोस.

बिबियाना


लुकोमा
१८ एप्रिल १९९३

बिबी,

लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. बोलू दे.

पत्राबरोबर तुझ्या आईचा गोमेसीवरचा कमरपट्टा पाठवतेय. हिरवा, रेशमी. क्वांजुलाच्या दिवशी स्कोलास्टिकाकडून बांधून घे. गाठ डाव्या बाजूला येऊ दे, तुझ्या आईची तशीच असायची.

लग्न नको कसं असेल गं मला.

आत्या


जिंजा
३० मे १९९३

माझी आत्या,

एवढे दिवस लिहिलं नाही. रागावले होते. कमरपट्टा पेटीत ठेवला आणि तुझ्यावरचा रागही त्याच्याबरोबरच ठेवला होता.

गेल्या सोमवारी मशिनवरून उठायला गेले आणि कंबरेत अशी कळ आली की टेबल धरून तिथंच थिजले. शाळांच्या गणवेशांचं काम आलंय. बुटक्या स्टुलावर वाकून दिवसभर शिवत असते. बरोबरच्या बायकांनी धरून दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सनं मला पालथं झोपवलं, पाय उचलून बघितले आणि प्रश्न विचारायला लागली. दुखणं कंबरेतच राहतं की कुल्ल्यातून, मांडीच्या मागून पोटरीत उतरतं? मी म्हटलं, कंबरेतच. शिंकताना, खोकताना पायात वीज गेल्यासारखं होतं का? मी नाही म्हटलं, आणि मला तू दिसलीस. नाताळात चुलीच्या धुरानं तुला शिंक आली, तेव्हा दाराची चौकट दोन्ही हातांनी गच्च धरली होतीस. पायाची बोटं बधिर होतात का, चालताना पाऊल घासतं का? तुझ्या डाव्या चपलेचं टोक झिजलंय, उजवीचं नाही. मी थट्टा केली होती, आत्या डाव्या पायानं चेंडू खेळते म्हणून. बसल्यावर जास्त दुखतं आणि उभं राहिल्यावर कमी, असं होतं का?

आत्या, तू पत्रं उभ्यानं लिहितेस.

मला रडूच फुटलं. नर्स म्हणाली, "बाई, रडण्यासारखं काही नाही. तुझा नुसता स्नायू आखडलाय. शेक घे, स्टूल उंच कर, अधूनमधून उठून चाल, अंथरुणाला धरून पडू नकोस. थोड्या दिवसांत बरी होशील." मी म्हटलं, "मी माझ्यासाठी रडत नाही." तिनं माझी सगळी उत्तरं 'नाही' अशी लिहिली होती. तुझी सगळी 'हो' होती.

तेव्हा तुला आमचा राग नव्हता. खुर्चीवर तुझं तोंड तसं झालं ते पाठीच्या दुखण्यामुळं. खरं ना? एवढं तरी आता सांग. कधीपासून? आणि कशानं?

तुझी
बिबी


लुकोमा
१३ जून १९९३

बिबी पोरी,

हुशार झालीस. जिंजाचं पाणी मानवलं तुला.

सांगते, पण एकदाच. पुन्हा विचारायचं नाही.

तुझा बाप शेवटच्या वर्षी खाटेवरून उठेना. त्याला कुठला आजार झालाय हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आमच्या दारात कुणी पाऊल ठेवत नव्हतं. तुझी परीक्षा होती, तू जिंजाला. त्याला ऊन फार आवडायचं. रोज सकाळी मी त्याला खाटेवरून उचलून अंगणातल्या चटईवर ठेवायची आणि ऊन चढलं की परत आत. त्याचं वजन तरी काय उरलं होतं! मटोकेचा घड जड म्हणायचा. एक दिवस आत नेताना तो हातातून घसरला. मी वाकलेली, तशीच अंग पिळून त्याला धरला. पाठीत काहीतरी सटकलं आणि डाव्या पायातून आग खालपर्यंत गेली. पण त्याला पडू दिला नाही. तो म्हणाला, "ताई, लागलं का?" मी म्हटलं, "तुला उचलून मला काय लागणार? तू म्हणजे कापसाची उशी."

तो गेल्यावर वैदूनं पाला बांधला आणि पडून राहायला सांगितलं. मी पडून राहिले, उठले तेव्हा पायांच्या काड्या झालेल्या. मग तुझ्या बापाच्या उत्तरक्रियेला सगळं कूळ जमलं. वडीलधाऱ्यांपुढं चटईवर गुडघे टेकले, बोलणं झालं, आणि मला उठता येईना. सगळे बघत बसलेले. मी काय केलं असेल? "माळेतला मणी पडला गं," असं म्हणत चटईवर हात फिरवत, रांगत रांगत भिंतीपर्यंत गेले आणि भिंत धरून उठले. बायका माझ्याबरोबर मणी शोधत होत्या बिचाऱ्या!

त्या दिवशी ठरवलं, आता टेकायचं नाही. मोडकी म्हणवून घेण्यापेक्षा गर्विष्ठ परवडली. गर्विष्ठ बाईला लोक शिव्या घालतात, मोडक्या बाईची कीव करतात. शिव्या खाऊन पोट भरतं तरी. पण उभ्यानं हाक मारणाऱ्या बाईच्या दारी कुणी थांबत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आठवडाच्या आठवडा मी बोलत नाही, बिबी. कोंबड्यांशी बोलते. त्याही खाऊन निघून जातात.

तुला का नाही सांगितलं? बापाची आठवण काढलीस की माझी कंबर आठवली असती. ती आठवण मला तुला अशी द्यायची नव्हती.

आता क्वांजुलाचं. एवढ्या लोकांसमोर मी टेकले आणि उठता आलं नाही, तर ते तुझ्या लग्नाला अपशकुन म्हणतील. दर खेपेला मणी कुठून पाडू? स्कोलास्टिकाला बोलाव. मी आतून, खिडकीतून बघेन.

आत्या


जिंजा
२० जून १९९३

आत्या,

पत्र वाचून गिरणीच्या मागच्या जिन्यावर बसून राहिले. बाबा उन्हात बसायचे, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता ते मला उन्हात दिसतात. आणि त्यांच्या मागं तू दिसतेस. तशीच दिसू दे. मला चालेल.

नर्सला पुन्हा जाऊन भेटले, तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, मणक्यांच्या मधली गादी सरकून पायाकडं जाणाऱ्या शिरेला दाबत असेल. वजनानंच होतं असं नाही, वाकून पिळल्यानं होतं. बहुतेकांना कापाकापी लागत नाही. पण तिनं एक प्रश्न लिहून दिलाय, त्याचं खरं उत्तर दे. लाजू नकोस, मी तुझीच शिकवलेली आहे. लघवी कळत नाही, थांबत नाही किंवा होतच नाही, बसतो ती जागा बधिर पडते, दोन्ही पायांतली ताकद जाते, यातलं काही आहे का? असलं तर पत्र लिहू नकोस, त्याच दिवशी मिशनच्या दवाखान्यात जा. नसलं तरीही जा, फक्त बसमध्ये पुढच्या सीटवर बसून आरामात जा.

स्कोलास्टिका आत्याला मी कळवलेलं नाही. कळवणारही नाही. तू येणार नसशील तर पाहुणे ऑगस्टमध्ये येणार नाहीत. अकिलेओला सगळं सांगितलं. तो म्हणाला, थांबू.

बिबी


लुकोमा
१८ जुलै १९९३

बिबी,

त्या प्रश्नाचं उत्तर नाही. देवाची कृपा. बाकी सगळ्यांचं हो.

मिशनच्या दवाखान्यात गेले. बसमध्ये बसवत नव्हतं, अर्धा रस्ता दांडा धरून उभी होते. कंडक्टर म्हणाला, "आजी, सीट रिकामी आहे." मी म्हटलं, "तूच बस, दमला असशील."

तिथं सिस्टर तेओपिस्ता म्हणून आहे, अंगापिंडानं माझ्या निम्मी, पण हात लोहाराचे. कापायचं नाही म्हणाली. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. पालथं पडायचं, मग कोपरांवर छाती उचलायची, पायातली आग वर कंबरेकडं सरकली म्हणजे बरं लक्षण. रोज सकाळी चालायचं. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हातानं रेटा द्यायचा. पाण्याचा कॅन उचलताना पाठीतून वाकायचं नाही, गुडघे मोडायचे आणि कॅन अंगाशी धरायचा. आणि कुदळीला लांब दांडा बसवायचा! मी म्हटलं, उभं राहून खणणाऱ्या बाईला इथं आळशी म्हणतात. ती म्हणाली, "गर्विष्ठ म्हणतातच ना? मग आळशीही म्हणू दे, बरोबर शोभेल."

घरामागं मी पालथी पडून मान वर करते तेव्हा कोंबड्या गोळा होऊन बघतात. त्यांना वाटतं मीही अंडं घालणार.

पूर्ण जाईल असं सिस्टर म्हणाली नाही. आधी बरं वाटेल एवढंच. पण मी तिला सरळ विचारलं, मला भाचीच्या क्वांजुलाला टेकायचंय, जमेल का? तिनं मला तिथंच फरशीवर टेकायला लावलं. एक पाऊल पुढं, पाठ ताठ, एक गुडघा, मग दुसरा. टेकणं तेवढं कठीण नाही गं. पाठ ताठ असली की गुडघ्यांवर मी निवांत राहते. उठायलाच आधार लागतो. ती म्हणाली, "बाकड्यावर हात ठेवून उठ." मांडवात बाकडं कुठून आणू?

मग मला एक सुचलं. तुला बाहेर आणल्यावर तू माझ्या डाव्या बाजूला टेकतेस, बरोबर? थोडी जवळ टेक. रीतीपेक्षा थोडी जवळ. बाकीचं मी बघते.

तू माझी वाट बघायची ठरवलीस म्हणे. एवढी वाट आजवर माझी कुणी बघितली नव्हती.

आत्या


जिंजा
२९ ऑगस्ट १९९३

माझी आत्या,

निरोप घेताना एवढी गर्दी होती की तुझ्याशी दोन शब्दही बोलता आले नाहीत. म्हणून आल्या आल्या लिहायला बसले. उंच स्टुलावर, काळजी करू नकोस.

तू पिवळी गोमेसी नेसून घरातून बाहेर आलीस तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होते. लेओच्या आईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. गोंझागा हाताची घडी घालून बसला होता. आणि तू पाऊल पुढं टाकलंस, पाठ काठीसारखी ताठ, आणि टेकलीस. "आलात, बरं केलंत. वाट चांगली होती ना? घरची सगळी बरी आहेत ना?" तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. गोंझागाच्या हाताची घडी सुटली.

मग मला बाहेर आणलं. मी जवळ टेकले, तू सांगितलंस तशी. पुरुषांची बोलणी संपेनात, अकिलेओच्या बाजूचा तो बोलका काका तर एकेक बकरी स्वतः वाढवल्यासारखा सांगत होता. तुझा श्वास मला ऐकू यायला लागला. मग तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि उठलीस. हळू, इतकी हळू. मी दात आवळून पाठ ताठ ठेवली. बायकांनी आनंदानं आरोळी ठोकली. त्यांना वाटलं आत्या भाचीला आशीर्वाद देतेय! जाताना गोंझागा मला म्हणाला, "असा आशीर्वाद मी कुठं बघितला नाही. तुमच्या आत्याबाई किती वेळ हात ठेवून होत्या."

आशीर्वादच होता की तो.

आता दिवाळं निघालंय सगळ्यांच्या ताकदीचं, झोपते. उजव्या खांद्यावर अजून तुझी बोटं आहेत.

तुझी
बिबी


लुकोमा
१९ सप्टेंबर १९९३

बिबी पोरी,

मांडवाचे खांब कालच उपटून नेले. अंगणात खड्डे राहिलेत, त्यात कोंबड्या लोळतात. पाहुणे गेले, बायका गेल्या, स्कोलास्टिका जाताना उरलेला भात घेऊन गेली. घर पुन्हा होतं तसं.

लेओची आई मात्र परवा आली. दाराशी आली आणि थांबली. मी टेकले, मग तीही टेकली. ख्यालीखुशाली झाली आणि बघते तर तिलाही उठता येईना! तिचे गुडघे गेलेत. मला राणी म्हणणारी! दोघी तशाच चटईवर कलंडून ऊन कलेपर्यंत बोलत बसलो. शेवटी एकमेकींना धरून कशाबशा उठलो. पण तिला तिचं घर आहे, सुना आहेत. ती रोज थोडीच येणार?

सिस्टरनं सांगितलंय, टेकायची सवय मोडू द्यायची नाही. म्हणून मी रोज सकाळी टेकते. पण बाई, कुणापुढं टेकायचं? माणूस नको का समोर? तेव्हा बाकडं उचलून, म्हणजे ढकलत ढकलत, केळीच्या बागेत तुझ्या बापाच्या थडग्यापाशी नेऊन ठेवलंय. ऊन तिथं पहिलं येतं. तिथं टेकते, त्याला विचारते, रात्र कशी गेली? उत्तर येत नाही. तो आधीपासूनच कमी बोलायचा. मग बाकड्यावर हात ठेवून उठते. वेळ लागतो, पण आता मला कुठं जायचंय?

परवा उठता उठता वाटलं, मेल्यावर खांद्यावर घ्यायला सगळं गाव येतं. आदल्या दिवशीपर्यंत मात्र बाकडंच.

तू लग्नानंतर म्यित्यानाला जाशील, तुझं घर, तुझी चूल, तसंच व्हायला हवं. रडू नकोस. बाकडं चांगलं आहे, तुझ्या बापानंच केलेलं आहे. पण लाकूड ते लाकूड. त्याला माझा श्वास ऐकू येत नाही.

नाताळात ये. साखर नको, साबण नको, कापड नको. खांदा तेवढा घेऊन ये.

तुझी
आत्या